उजव्या बाजूचा स्वार

१

जेवणं उरकली की आग्वा चिकाच्या पागेवर सगळं बंद व्हायचं. कुत्री भिंतीच्या सावलीला लांब होत. बेनिता मक्याचं कालवण झाकून आतल्या खोलीत आडवी होई. तिचा सासरा निकासिओ तोलाबा आपला लंगडा पाय उशीवर टाकून ओसरीतल्या कातडी बाजेवर वामकुक्षीला पडे. राजाची फौज डोंगरापलीकडे असो की अलीकडे, साल्ता प्रांताच्या उन्हात दुपारचे दोन तास लढाईसुद्धा होत नाही, असं तो म्हणायचा. हे खरं नव्हतं. त्याचा पाय दुपारीच गेला होता.

झोप त्याला लागत नसे. तो नुसता ऐकत पडे. या वेळेला घोडे टेकडीवरून ओढ्यावर उतरत. पुढे गळ्यात घंटा बांधलेली पांढरी म्हातारी घोडी आणि तिच्या मागोमाग बाकीचे. त्या मुलखात कळप घंटेच्या मागे चालतो, त्याला वेगळा राखणदार लागत नाही. तीस वर्षं घोडे शिकवण्यात गेलेला निकासिओ डोळे न उघडता सांगू शके की आता अबलख उतरला, आता मागच्या पायात मार असलेला ठेंगणा उतरला.

पागा म्हणजे दगडी कुंपणाचं आवार आणि तीन खोल्या. तुकडीतल्या स्वारांचे दुसरे घोडे तिथे ठेवलेले असत. स्पेनच्या राजापासून सुटायला निघालेल्या या लोकांकडे तोफा नव्हत्या, पायदळ नावापुरतं होतं. होते ते घोडे. काटेरी रानातून अचानक निघायचं, राजाच्या फौजेच्या बगलेत शिरून चारा पेटवायचा, बैल पळवायचे, आणि फौज वळेपर्यंत पसार व्हायचं. या उद्योगात पहिला घोडा मारामारीसाठी आणि दुसरा जीव वाचवण्यासाठी. दमल्या घोड्यावरून पळणारा स्वार कोसभरात सापडे. सापडलेल्याला राजाचे लोक कैद करत नसत. भिंतीपाशी उभा करत.

निकासिओचा एकुलता एक मुलगा आन्सेल्मो तुकडीत होता. त्याचा दुसरा घोडा म्हणजे कुमैत, काळ्या आयाळीचा तांबडा, बापानंच शिकवलेला. जाताना आन्सेल्मो एवढंच म्हणाला होता, "ताता, बाकीच्या घोड्यांचं काही का होईना, हा मला ताजा पाहिजे. मी येईन तेव्हा घाईत असेन."

त्या दुपारी घंटा वाजत खाली आली आणि निकासिओनं नेहमीप्रमाणे टापा ऐकल्या. सगळे आले. कुमैत आला नाही. पाणी पिऊन कळप परत चढायला लागला तेव्हा तो आला. एकटा, ओढ्याच्या खालच्या अंगानं, जड पावलांनी. निकासिओ काठी घेऊन उठला.

कुमैताचं अंग घामानं थबथबलं होतं. माश्या चावल्या म्हणून, साप दिसला म्हणून घोडा पळतो, घामेजतो, यात नवल नाही. पण पाठीवरचा ओला डाग चौकोनी होता आणि त्याखालचे केस दाबून बसले होते. पोटाखाली तंगाची रेघ होती. घोड्यावरून खोगीर नुकतंच उतरवलेलं होतं.

२

कोणीतरी त्याच्यावर बसून गेलं होतं, हे तर उघड होतं. निकासिओनं नावं मोजून पाहिली. खोऱ्यात त्यांचं घर सोडून पाच घरं होती, आणि त्या घरांतले घोड्यावर बसण्याजोगे सगळे पुरुष तुकडीत होते. चोर असता तर घोडा परत का आणून सोडला असता? राजाचा हेर असता तर दुसऱ्याच्या घोड्यावर दोन तासांत कुठे जाऊन आला असता? बेनितानं ऐकून घेतलं आणि उन्हात तुम्हाला भास झाला असेल असं सुचवलं. मग ती स्वतः घोड्याजवळ गेली. परत आल्यावर तिनं भासाचं नाव काढलं नाही.

खोगिरं ठेवायची खोली निकासिओनं उघडून पाहिली. आत एकच खोगीर होतं, कासिमिरो लिकितायचं. बाकीच्या स्वारांची खोगिरं त्यांच्याबरोबर होती.

कासिमिरो हा आन्सेल्मोचा लहानपणापासूनचा दोस्त. दोन आठवड्यांपूर्वी एका उतारावर, नदी ओलांडताना, गोळी लागून तो गेला. त्याचं प्रेत आणता आलं नाही. खोगीर आणता आलं, कारण खोगीर कामाला येतं. त्याच्यासोबत त्याचे पंखही आले होते. त्या भागातले स्वार खोगिराच्या दोन्ही बाजूंना कच्च्या कातड्याचे रुंद पंख लटकवतात, म्हणजे रानातल्या काट्यांनी मांड्या सोलून निघत नाहीत. हल्ल्याच्या वेळी त्याच पंखांवर चाबकाच्या मुठीनं बडवत सुटायचं. चाळीस स्वारांचा आवाज चारशेंचा होतो आणि शत्रूचे घोडे आधी बिथरतात. प्रत्येकाची बडवण्याची तऱ्हा वेगळी. आन्सेल्मो निघताना एकदाच मारी. कासिमिरो घोड्यावर चढण्याआधी उजव्या पंखावर दोनदा मारी, ठप्प, ठप्प, आणि मग चढे. तोही उजव्या बाजूनं. तो डावखुरा होता. सगळं जग घोड्यावर डावीकडून चढतं. कासिमिरोनं त्याच्या करड्या घोड्याला स्वतःसारखं उलटं शिकवलं होतं, आणि यावरून त्याची इतकी थट्टा व्हायची की शेवटी त्याला थट्टेचाच अभिमान वाटायला लागला होता.

मेलेल्या स्वाराच्या दुसऱ्या घोड्याची तिथे एक रीत आहे. बातमी आली की घोड्याची आयाळ कातरायची आणि चाळीस दिवस त्याच्या पाठीवर कोणी बसायचं नाही. का, ते कोणी विचारत नाही. निकासिओनं स्वतःच्या हातानं करड्याची आयाळ कातरली होती. नवव्या दिवशी तुकडीचा नाईक पोलिकार्पो बुर्गोस घोडे न्यायला आला आणि कातरलेला करडा बघूनही त्यानं दोरी त्याच्या गळ्यात टाकली.

निकासिओनं दिवस मोजून दाखवले. नाईक हसला. "म्हातारबा, माणसं मला हवी तेवढी मिळतात. घोडा कुठून आणू? राजाचे लोक चाळीस दिवस थांबणार आहेत का?"

बेनिता दारातून म्हणाली होती की देऊ नका. निकासिओनं दिला. नाईकाची नजर तेव्हा कुमैतावरही गेली होती, आणि करडा नाकारला तर तो कुमैत नेईल, हा हिशेब म्हाताऱ्यानं मनात चटकन केला होता. मुलासाठी बापानं एवढं करायला हरकत नाही, असं त्याला वाटलं. अजूनही वाटत होतं.

खुंटीवरच्या खोगिराला त्यानं सहज हात लावला. खालची घोंगडी ओली होती.

३

दुसऱ्या दिवशी त्यानं खोगिराच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. कुमैताला कळपातून काढून आवारात बांधला. दुपारी बाजेवर न पडता तो खोलीतच जाऊन बसला आणि आतून कडी घातली. तुकडीतलाच कोणीतरी चहाटळ ही मस्करी करत असणार, त्याला रंगेहाथ पकडायचा आणि काठीनं फोडून काढायचा, असा त्याचा बेत होता. भोपळीतला माते, पानांचा कडू काढा, सोबत घेतला होता. नळीनं एक-एक घोट ओढत तो भिंतीला टेकला.

खोलीला खिडकी नव्हती. छपराच्या फटीतून उन्हाच्या चार रेघा जमिनीवर पडल्या होत्या. समोर खुंटीवर कासिमिरोचं खोगीर, त्याच्या दोन्ही अंगांना ते मोठे पंख. डाव्या पंखाला गोळीचं भोक होतं.

टेकडीवरून घंटा खाली आली. घोडे पाणी प्यायले. एकानं फुरफुर केली. मग घंटा वर जायला लागली, लांब गेली. आता काहीच होणार नाही असं वाटून निकासिओला थोडी निराशा झाली.

ठप्प. ठप्प.

आवाज बाहेरून आला, आवारातून. कातड्यावर लाकडी मुठीचा आवाज. तीस वर्षं ऐकलेला, दुसरा कसलाही असू न शकणारा. निकासिओनं खुंटीकडे पाहिलं. खोगीर जागच्या जागी होतं. पंख हलत नव्हते. तो डोळ्यांची पापणी न लववता त्यांच्याकडे पाहत राहिला, आणि त्याच वेळी बाहेर दावं जमिनीवर पडल्याचं आणि घोडा दोन पावलं मागे सरून मग दौडत गेल्याचं त्याला ऐकू आलं.

कडी काढायला त्याला वेळ लागला. बाहेर आला तेव्हा आवार रिकामं होतं. कुंपणाचं फाटक उघडं होतं, दाव्याची गाठ सोडवलेली होती, तुटलेली नव्हती. धूळ अजून खाली बसायची होती, पण लांबवर पाहिलं तर रानात कुठेही काही हलत नव्हतं.

तो परत खोलीत आला. त्यानं स्वतःशी बजावलं की खोगीर इथे आहे, मी त्याच्यावरची नजर काढलेली नाही, म्हणजे गेला तो दुसऱ्या खोगिरावर गेला किंवा उघड्या पाठीवर गेला. हे बरोबर होतं. यात कुठे चूक नव्हती. दीड तास तो तिथेच बसून राहिला. कुमैत आल्याचा आवाज आला तेव्हा त्यानं उठून खोगिराखालची घोंगडी चाचपली.

ती गरम होती, आणि ओली. उजव्या पंखात रानातल्या चुर्की झुडपाचा एक काटा घुसलेला होता. त्यानं तो उपटला. मोडलेल्या टोकाशी हिरवा चीक होता.

४

पुढच्या तीन आठवड्यांत कुमैत खंगत गेला. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चार दुपारी तो जाई आणि फेसाळून परत येई. निकासिओनं त्याला साखळीनं बांधला, घराच्या आतल्या खोलीत कोंडला, एकदा तर त्याचं दावं स्वतःच्या मनगटाला बांधून बसला. त्या दिवशी त्याला झोप लागली. आयुष्यात वामकुक्षीला न झोपलेला माणूस त्या दिवशी गाढ झोपला आणि जाग आली तेव्हा दावं मनगटाला होतं, घोडा दाव्याला होता आणि घोड्याच्या तोंडाला फेस होता.

घोड्याच्या खांद्यामागे जखम व्हायला लागली. निकासिओ रोज संध्याकाळी ती मिठाच्या पाण्यानं धुई. मुलगा कुठल्याही दिवशी येईल आणि घाईत असेल, हे त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. घोड्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या तशी त्याची भूक गेली.

एकदा नाल बघायला म्हणून तो कुमैताच्या डाव्या बाजूला उभा राहिला. घोडा वळला आणि त्यानं उजवी बाजू पुढे केली. निकासिओ वळसा घालून पुन्हा डावीकडे गेला. घोडा पुन्हा वळला, मुकाट्यानं, शिकवल्यासारखा, आणि उजवी बाजू देऊन स्वार चढण्याची वाट बघत उभा राहिला. या घोड्याला निकासिओनं स्वतः शिकवलं होतं, आणि असं शिकवलेलं नव्हतं.

म्हाताऱ्याला भीती वाटली. इतके दिवस राग होता, काळजी होती. ही भीती होती. घरात जाऊन त्यानं बेनिताला सगळं सांगितलं. ती कणसं सोलत होती, सोलायची थांबली नाही.

"त्याचा घोडा तुम्ही देऊन टाकलात," ती म्हणाली. "तो बिचारा काय करील मग?"

"मेलेलं माणूस आहे ते, बेनिता."

"म्हणून काय झालं? लढाई कुठे संपली आहे?"

तिनं हे अगदी साधेपणानं म्हटलं. तिचं म्हणणं एवढंच होतं की करडा परत आणावा, ज्याचा त्याला मिळाला की आन्सेल्मोचा सुटेल. निकासिओनं त्याच दिवशी खालच्या घरातल्या बाईकडून नाईकाला निरोप धाडला. निरोपात खरं कारण घातलं नाही. करड्याला जुनी खोड आहे, ऐन वेळी दगा देईल, असं सांगितलं.

५

आयाळ कातरल्यापासून छत्तिसाव्या दिवशी सकाळी नाईक पोलिकार्पो चार माणसं घेऊन आला आणि करड्याची दोरी निकासिओच्या हातात फेकली.

"घ्या तुमचं हे रत्न," तो म्हणाला. "माणूस पाठीवर बसला की चालतच नाही. उभा राहून मागे बघतो. आणखी कोणी यायचं असल्यासारखा."

करडा धडधाकट होता. कोणी त्याला फारसं पळवलंच नव्हतं. नाईकाला मात्र बोलायला वेळ नव्हता. राजाची फौज खोऱ्याच्या तोंडाशी आली होती, तिला रानात ओढायचं होतं, आणि त्याला उभा राहू शकेल असा प्रत्येक घोडा पाहिजे होता. तो अबलख नेतो म्हणाला, ठेंगणा नेतो म्हणाला, शेवटी त्यानं सगळेच नेले. कुमैताची पाठ बघून त्यानं तोंड वाकडं केलं आणि म्हाताऱ्याला विचारलं की पोराचा घोडा असा ठेवतात का. निकासिओनं मान खाली घातली. पागेत घंटेवाली घोडी, कुमैत आणि करडा एवढेच उरले.

निकासिओनं दोघांना आवारात शेजारी शेजारी उभं केलं. आजपासून चार दिवस कुमैताला विश्रांती मिळाली तर तो बरा होईल, असा त्याचा अंदाज होता. त्याला कित्येक दिवसांत पहिल्यांदा हलकं वाटलं. कासिमिरोचं खोगीर त्यानं खोलीतून काढून करड्याजवळच्या भिंतीवर ठेवलं. कोणी बघितलं असतं तर लाज वाटली असती, पण ठेवलं.

त्या दुपारी तो बाजेवर पडला आणि वाट बघत राहिला. ठप्प, ठप्प झालं. टापा गेल्या. त्यानं समाधानानं डोळे मिटले. अर्ध्या तासातच टापा परत आल्या, अडखळत. तो उठून बघायला गेला. करडा जागेवर कोरडा उभा होता. कुमैत फाटकात मान खाली घालून थरथरत होता आणि त्याच्या पुढच्या पायातून रक्त येत होतं.

कासिमिरोला करडा आल्याचं कळलं नसेल. किंवा कळूनही त्यानं कुमैत घेतला असेल, निकासिओला ठरवता येईना. तेवढ्यात ओढ्याच्या वळणावर एक घोडा कोसळला आणि त्याच्यावरचा स्वार उठून पागेकडे पळत सुटला. आन्सेल्मो होता.

६

तो पोचला तेव्हा त्याच्या खांद्यावर खोगीर होतं, पंखांसकट. त्याही घाईत त्यानं मेल्या घोड्यावरून ते सोडवून घेतलं होतं. त्याच्या मागे, ओढ्याच्या खालच्या अंगाला, धूळ दिसत होती.

"कुमैत," तो म्हणाला.

मग त्याला कुमैत दिसला. त्यानं घोड्याच्या बरगड्या बघितल्या, पाय बघितला, आणि मग बापाकडे बघितलं. तीस वर्षांत निकासिओनं कोणाचा घोडा बिघडवला नव्हता.

"ताता, काय झालं याला?"

"नंतर सांगतो," निकासिओ म्हणाला.

आन्सेल्मो करड्याकडे वळला. घंटेवाली म्हातारी घोडी आता धावू शकत नव्हती. रान उघडं होतं, पायी पळून तासभरही लपता आलं नसतं. बेनिता पाण्याचं भांडं घेऊन बाहेर आली होती आणि नवऱ्याच्या हाताला हात लावून उभी होती. आन्सेल्मो पाणी प्यायला आणि त्यानं करड्याच्या पाठीवर खोगीर टाकलं.

"चार दिवस राहिलेत अजून," निकासिओ म्हणाला.

"कासिमिरोचा घोडा आहे, ताता. परक्याचा आहे का? तो असता तर स्वतःहून दिला असता." आन्सेल्मो तंग आवळत हसला. "फार तर माझ्या मागे बसला असता."

करड्यानं वळून उजवी बाजू दिली. आन्सेल्मोनं त्याच्या मानेवर थाप मारली, हा अजून त्याचीच वाट बघतो म्हणाला, आणि वळसा घालून डावीकडून चढला. चाबूक दातांत धरून तो लगाम सारखे करत होता. बेनितानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, घोड्याकडे बघत नव्हती.

निकासिओ घोड्याकडे बघत होता. करड्यानं आन्सेल्मोचं वजन घेतलं, पाठ सावरली, नीट उभा राहिला. आणि मग, चाबूक अजून आन्सेल्मोच्या दातांत होता तेव्हा, उजव्या पंखावर दोनदा आवाज झाला. करड्यानं मागचे पाय किंचित फाकवले. त्याची पाठ दुसऱ्यांदा खाली गेली, आणि पुन्हा वर आली. दुसरा माणूस मागे चढतो तेव्हा घोडा असंच करतो. निकासिओनं हे हजार वेळा पाहिलं होतं. ही दोन पोरं लहानपणी एकाच घोड्यावरून यायची तेव्हाही पाहिलं होतं.

आन्सेल्मोला काही कळलं नाही. तो लगामाकडेच बघत होता. बघता बघता तो खोगिरात चार बोटं पुढे सरकला, मागच्याला जागा करून द्यावी तसा.

उतर, असं म्हणायला निकासिओनं तोंड उघडलं. धूळ वळणाशी पोचली होती आणि तिच्यात भाल्यांची टोकं दिसायला लागली होती. त्यानं तोंड मिटलं. आन्सेल्मोनं चाबूक हातात घेतला आणि करडा निघाला. नाईक म्हणाला होता तसा तो उभा राहिला नाही, त्यानं मागे बघितलं नाही. चांगला धावला. फक्त पावलं आखूड टाकत होता, दोघांचं ओझं असल्यावर टाकतात तेवढी.

७

राजाचे स्वार आले, पाणी प्यायले, कोंबड्या नेल्या. लंगड्या म्हाताऱ्याला त्यांनी वाट विचारली आणि त्यानं उलटी दाखवली. त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला की नाही ते कळायला मार्ग नव्हता. कुमैत त्यांनी लाथ मारून पाहिला आणि सोडून दिला. घंटेवाली घोडी मात्र ओढत नेली. घंटेचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

त्यानंतर पागेवर दुपारी काहीच वाजत नसे. सदतिसावा दिवस गेला, अडतिसावा गेला. लढाई वर सरकली असं खालच्या घरातली बाई सांगत होती, कोण राहिलं कोण गेलं ते तिला माहीत नव्हतं. बेनिता रोज दोनदा फाटकापर्यंत जाऊन यायची. कासिमिरोचं खोगीर भिंतीवर होतं तसंच होतं, कोरडं, आणि त्याच्यावर धूळ बसायला लागली होती. कुमैताला कोणी हात लावला नाही. त्याची जखम भरत आली, पायाची सूज उतरली, तो दाणा खाऊ लागला. निकासिओ त्याला रोज खरारा करी. घोडा बरा होतो आहे याचा अर्थ सगळं बरं आहे, असं तो स्वतःला समजावत होता, आणि थोडं थोडं पटतही होतं.

चाळिसाव्या दिवशी जेवण झाल्यावर तो बाजेवर पडला. ऊन कडक होतं. कुत्री झोपली होती. त्यानं कान दिले, तर आवारात कातड्यावर आवाज झाला. दोनदा नाही, एकदाच. मग एक घोडा दौडत गेला, आणि दोन तासांनी परत आला.

निकासिओ लगेच उठला नाही. उठला तेव्हा काठी न घेताच गेला.

कुमैत आवाराच्या मधोमध उभा होता. अंगावर घाम होता, पाठीवर चौकोनी डाग होता. निकासिओ त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि थांबला. त्यानं इतकी कशाची वाट कधी बघितली नव्हती. घोडा वळला. त्यानं डावी बाजू पुढे केली, त्याला शिकवली होती तशी, आणि स्थिर उभा राहिला.

म्हाताऱ्यानं घरात जाऊन खिळ्यावरची कातर काढली. बेनिता झोपेतून उठून दारात आली होती. तिनं कातर बघितली आणि चौकट धरली.

"ताता, ती ठेवा. बातमी आल्याशिवाय ती हातात घ्यायची नसते."

"आली," निकासिओ म्हणाला.

"कोण आलं होतं? मला का नाही उठवलं?"

तो कुमैताजवळ गेला आणि त्याच्या ओल्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. बेनिता हळूहळू आली. तिनंही घोड्याच्या पाठीवर, त्या डागावर, हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही. मग तिनं घोड्याचं दावं हातात घेतलं आणि म्हाताऱ्याला नीट कातरता यावं म्हणून त्याची मान खाली धरली.